व्हिएतनाममध्ये दुचाकी चालवण्याआधी: कागदपत्रं, उजवी बाजू आणि हा जियांगचे घाट

उत्तर व्हिएतनाममधल्या 'हा जियांग' नावाच्या डोंगराळ भागात, येन मिन्ह गावाबाहेरच्या पंपावर मी टाकी भरली, हेल्मेटचा पट्टा लावला आणि गाडी रस्त्यावर काढली. सकाळचे साडेसात वाजले होते. रस्ता दोन्ही बाजूंना मोकळा, ना माणूस ना गाडी. दोनेकशे मीटर गेलो असेन, तोच वळणाआडून सिमेंटच्या गोण्या भरलेला ट्रक थेट अंगावर आला. ट्रकवाल्याने हॉर्न दाबून धरला होता आणि माझ्या डोक्यात पहिला विचार आला, हा राँग साइडने का येतोय? राँग साइडला मी होतो. त्याने करकचून ब्रेक मारला, मी जीव खाऊन गाडी उजवीकडे ओढली, मागचं चाक खडीवर सरकलं आणि कडेच्या चिखलात जाऊन रुतलं. ट्रकवाला खाली उतरला, मला काही लागलं नाही हे पाहिलं, गाडी बाहेर काढायला हात दिला आणि एक शब्दही न बोलता निघून गेला.

तेव्हा मी हनोईत राहायला येऊन चार महिने झाले होते. रोज ऑफिसला दुचाकीनेच जायचो, तेही उजव्या बाजूने, भर गर्दीत, एकदाही न चुकता. चुकलो ते रिकाम्या रस्त्यावर. गर्दीत आजूबाजूच्या गाड्याच आपल्याला योग्य बाजूला ठेवतात. रस्ता मोकळा झाला की सांगणारं कुणी उरत नाही, आणि मग वीस वर्षांची सवय गाडी हातात घेते.

गावाकडून कुणी व्हिएतनामला येणार असलं की मला फोन येतो. "आपल्याला पुण्याच्या ट्रॅफिकची सवय आहे, तिकडे काय अवघड?" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की शेवटी सगळं एकदा नीट लिहून काढायचं ठरवलं. पुण्यात गाडी चालवल्याचा फायदा होतो, हे खरं आहे. आपण गर्दीला घाबरत नाही आणि समोरचा कधीही आडवा येईल हे गृहीत धरतो. पण हा सगळा सराव डाव्या बाजूचा आहे. मान आधी कुठे वळते, वळण घेताना अंग कुठे झुकतं, घाबरल्यावर गाडी कुठल्या कडेला जाते, हे सगळं डाव्या बाजूने घडलेलं असतं. संकटाच्या क्षणी तेच बाहेर येतं.

आधी लायसनचं बघा

बहुतेक लोक इथेच फसतात, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो.

आपल्या आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना 1949 च्या जिनिव्हा करारानुसार दिला जातो. भारत त्या करारात आहे. व्हिएतनाम मात्र 1968 च्या व्हिएन्ना करारात आहे आणि त्या कराराखाली दिलेलेच आंतरराष्ट्रीय परवाने मानतो. म्हणजे हजार रुपये भरून, परिवहनच्या वेबसाइटवर अर्ज करून काढलेलं ते पुस्तक थायलंडमध्ये चालेल, पण व्हिएतनाममध्ये पोलिसांसमोर त्याला काही किंमत नाही. भाड्याने गाडी देणारा म्हणेल, "नो प्रॉब्लेम, इंडियन लायसन ओके." त्याला गाडी भाड्याने द्यायची आहे. पुढचा दंड आणि दवाखान्याचं बिल त्याला भरायचं नाही.

1 जानेवारी 2025 पासून व्हिएतनाममध्ये नवा वाहतूक कायदा लागू झाला आणि त्यासोबतच्या नियमांनी दंड कित्येक पटींनी वाढवले. वैध लायसन नसताना 125 सीसीपर्यंतची गाडी चालवली तर 20 ते 40 लाख डोंग दंड आहे, त्याहून मोठ्या गाडीला 60 ते 80 लाख. आकडे ऐकून दचकू नका, 10 लाख डोंग म्हणजे साधारण साडेतीन हजार रुपये. शिवाय गाडी जप्त होऊ शकते आणि तेवढ्या दिवसांचं भाडं दुकानदार तुमच्याकडूनच वसूल करतो.

पण दंडापेक्षा मोठी भीती विम्याची आहे. तुम्ही ज्या देशात आणि ज्या प्रकारची गाडी चालवत होतात, तिथलं वैध लायसन तुमच्याकडे नसेल तर प्रवास विम्याचा दावा बहुतेक वेळा फेटाळला जातो. पॉलिसीच्या शेवटी बारीक अक्षरात 'काय समाविष्ट नाही' याची यादी असते. तिकीट काढायच्या आधी ती वाचा. 'दुचाकी', 'वैध परवाना' आणि 'मद्य' हे तीन शब्द त्यात कुठे आणि कसे आलेत, ते बघा. कळलं नाही तर कंपनीला ईमेल करून लेखी उत्तर मागा. फोनवर मिळालेलं 'हो सर, कव्हर आहे' पुढे कामाला येत नाही.

मग कायद्यात राहून काय काय करता येतं?

दहा-पंधरा दिवसांसाठी येणाऱ्याला 50 सीसीच्या आतली गाडी किंवा 4 किलोवॉटपर्यंतची इलेक्ट्रिक स्कूटर चालवता येते, तिला लायसन लागत नाही. होई आनसारख्या सपाट, छोट्या गावात, समुद्राकडे जायला-यायला ती पुरेशी आहे. घाटात मात्र तिच्यावर दोन माणसं आणि सामान लादू नका. गाडी विमा आणि कायदा, दोन्हींत बसते की नाही, हे इथेही आधी विचारा.

कामासाठी किंवा शिक्षणासाठी येणार असाल आणि तीन महिने वा जास्त मुदतीचा व्हिसा किंवा रहिवास कार्ड असेल, तर भारतीय लायसनचं व्हिएतनामी भाषेत प्रमाणित भाषांतर जोडून तिथलं लायसन बदलून मिळतं. मी तेच केलं. भारतात तुमच्या लायसनवर दुचाकीचा वर्ग असेल तरच इथे दुचाकीचा मिळतो. फक्त चारचाकीचं लायसन असणाऱ्यांनी ते निघण्याआधी बघून घ्यावं.

तिसरा मार्ग मला सगळ्यात पटलेला आहे. शहरात ग्रॅब या ॲपवरून चालकासह बाईक बोलवा आणि घाटात ईझी रायडर घ्या. ईझी रायडर म्हणजे तिथलाच चालक, गाडी त्याची, तुम्ही मागे बसायचं. हा जियांगच्या रस्त्यांवर असे शेकडो जण आहेत. "मागे बसून काय मजा?" असं विचारणाऱ्यांना मी एवढंच सांगतो, की मा पी लेंग खिंडीत स्वतः गाडी चालवताना मी पहिल्या वेळी दरी बघितलीच नाही. नजर पूर्ण वेळ रस्त्यावर होती. दुसऱ्या वेळी एका स्थानिक चालकाच्या मागे बसून गेलो, तेव्हा खाली न्यो क्वे नदीचं हिरवं पाणी आणि ती उभी कपार पहिल्यांदा दिसली.

गाडी ताब्यात घेताना

पासपोर्ट गहाण ठेवू नका. झेरॉक्स आणि रोख डिपॉझिट द्या, पासपोर्टवरच अडून बसणारं दुकान सोडा. गाडीचं निळं नोंदणी कार्ड, निदान त्याची प्रत, आणि सक्तीच्या विम्याची चिठ्ठी मागून घ्या. तपासणीच्या वेळी दोन्ही मागतात. गाडीचा चारही बाजूंनी व्हिडिओ काढा, आधीचे ओरखडे दुकानदाराला दाखवत दाखवत काढा.

मग स्वतः तपासा. पुढचा आणि मागचा ब्रेक वेगवेगळा दाबून गाडी ढकलून बघा. टायरच्या मध्यावर बोट फिरवा, नक्षी झिजून गुळगुळीत झाली असेल तर दुसरी गाडी मागा. चेन लोंबत नाही ना, हेडलाइटचा डिपर लागतो का, हॉर्न वाजतो का, आरसे दोन्ही आहेत का. हे करायला दहा मिनिटं लागतात आणि दुकानदार कंटाळतो. त्याला कंटाळू द्या.

घाटासाठी गाडी कुठली, यावर माझं मत पक्कं आहे. ॲक्टिव्हासारखी ऑटोमॅटिक स्कूटर घेऊ नका. लांब उतारावर तिला इंजिनाची आडकाठी फारशी मिळत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक धरत नाहीत. होंडा वेव्हसारखी सेमी-ऑटोमॅटिक बरी. तिला गियर पायाने टाकायचे असतात, पण क्लचचा दांडा नसतो. उतारावर दुसऱ्या गियरमध्ये टाकली की इंजिनच गाडी आवरून धरतं. एक लक्षात ठेवा, अशा गाडीत डाव्या हाताला काहीच नसतं. स्कूटरवाल्यांचा डावा हात मागचा ब्रेक शोधायला जातो आणि रिकामा दाबला जातो. मागचा ब्रेक उजव्या पायाखाली असतो. अर्धा तास मोकळ्या मैदानात फक्त थांबण्याचा सराव करा.

हेल्मेट घरून न्या. व्हिएतनाममध्ये 15 डिसेंबर 2007 पासून हेल्मेटची सक्ती आहे आणि लोक ती पाळतात, पण भाड्याच्या गाडीबरोबर मिळतं ते बहुतेकदा टोपीसारखं, हनुवटी उघडी ठेवणारं असतं. तोंडावर पडलात तर त्याचा उपयोग नाही. तुमचं आयएसआय मार्कचं पूर्ण चेहऱ्याचं हेल्मेट विमानात हातात घेऊन जाता येतं. पुण्यात हेल्मेटसक्तीवर तुमचं मत काहीही असो, इथे तो वाद घालू नका.

गोव्यात आपण काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेल्या भाड्याच्या स्कूटरवरून परदेशी पाहुण्यांना जाताना बघतो. हाफ चड्डी, पायात स्लिपर, हेल्मेट हँडलला टांगलेलं. कळंगुटच्या रस्त्यावर कुठली बस अचानक थांबेल आणि कुठलं जनावर आडवं येईल, हे त्यांना माहीत नसतं आणि आपल्याला त्यांची काळजी वाटते. हनोईत उतरल्यावर त्या जागी तुम्ही असता. जीन्सची पूर्ण पँट, घोटा झाकणारे बूट, हातमोजे, जाड जॅकेट. साध्या 30 च्या वेगाने घसरलं तरी तळहात आणि गुडघे सोलून निघतात, आणि सोललेल्या तळहाताने पुढचे चार दिवस ब्रेक दाबता येत नाही.

उजवी बाजू अंगात मुरवण्यासाठी

पहिल्या दिवशी मी एक खूण ठरवली होती: ॲक्सिलरेटरचा हात फुटपाथकडे. आपल्याकडे रेस देणारा उजवा हात दुभाजकाकडे असतो. इथे तो कायम रस्त्याच्या कडेला हवा. ट्रकच्या प्रसंगानंतर मी उजव्या आरशाच्या दांड्याला लाल चिकटपट्टी गुंडाळली. गाडी सुरू करताना नजर तिच्यावर जायची आणि मी मनात म्हणायचो, लाल पट्टी कडेला.

चुका ठरावीक वेळी होतात, त्या वेळा ओळखून ठेवा. पंपावरून, हॉटेलातून, चहाच्या टपरीवरून पुन्हा रस्त्यावर येताना. एकेरी रस्ता संपून दुतर्फा रस्ता सुरू होतो तेव्हा. यू-टर्न घेतल्यावर. फोटोसाठी थांबून निघताना. सकाळी पहिल्यांदा गाडी काढताना. आणि एकदम घाबरल्यावर, कारण तेव्हा अंग डावीकडे पळतं. या प्रत्येक वेळी गाडीला रेस देण्याआधी तीन सेकंद थांबा आणि 'कडेला कुठला हात?' हे तोंडाने म्हणा. मनात नको, तोंडाने. हेल्मेटच्या आत कुणाला ऐकू जात नाही.

वळणांचा हिशोब उलटतो. आपल्याकडे डावं वळण छोटं आणि उजवं मोठं असतं, समोरची वाहतूक ओलांडून घ्यावं लागणारं. इथे उजवं छोटं, डावं मोठं. चौकातून डावीकडे वळताना आपण सवयीने कडेकडेने वळतो आणि नेमके समोरून येणाऱ्यांच्या लेनमध्ये शिरतो. गोल चौकाला घड्याळाच्या उलट दिशेने फिरायचं. रस्ता ओलांडताना किंवा मुख्य रस्त्याला लागताना आधी डावीकडे बघायचं. पायी चालतानासुद्धा हा सराव होतो, म्हणून मी पाहुण्यांना पहिले दोन दिवस फक्त पायी फिरवतो.

सिग्नल लाल असताना उजवीकडे वळता येतं, असं अनेकांना वाटतं. आपल्याकडच्या फ्री लेफ्टचा आरसा समजून लोक वळतात. हिरवा बाण किंवा तशी पाटी असेल तरच वळायचं. सिग्नल तोडल्याचा, राँग साइडने गेल्याचा किंवा फुटपाथवरून गाडी नेल्याचा दंड आता 40 ते 60 लाख डोंग, म्हणजे साधारण चौदा ते एकवीस हजार रुपये आहे. एक्स्प्रेस-वेवर दुचाकीला बंदी आहे. नकाशाच्या ॲपमध्ये 'मोटरसायकल' हा पर्याय निवडला नाही, तर ते तुम्हाला बिनदिक्कत एक्स्प्रेस-वेवर नेऊन सोडेल.

हनोईची गर्दी

व्हिएतनाममध्ये नोंदलेल्या दुचाकी 7 कोटींहून जास्त आहेत आणि लोकसंख्या साधारण 10 कोटी. संध्याकाळी पाचनंतर हनोईच्या एखाद्या चौकात उभं राहिलं की हा आकडा डोळ्यांना दिसतो.

ही गर्दी पाण्यासारखी वाहते. कुणी थांबत नाही, सगळे थोडे हळू होतात, थोडे बाजूला सरकतात. रस्ता ओलांडणारा माणूस एका लयीत, न थांबता, न पळता चालत राहतो आणि गाड्या त्याच्या दोन्ही अंगांनी निघून जातात. तुम्ही गाडीवर असताना हाच नियम लागू होतो. तुमची पुढची हालचाल मागच्या दहा जणांना आधी कळली पाहिजे. अचानक ब्रेक, अचानक कट, अचानक वेग, हे तिन्ही घातक. पुण्यात सवय झालेली ती फटीतून सुळकन निघून जाण्याची कला इथे मागच्यांचा अंदाज चुकवते.

उजवीकडच्या गल्लीतून येणारा मुख्य रस्त्याला लागताना बऱ्याचदा मागे बघतच नाही. त्याच्या हिशोबाने ज्याचं चाक पुढे, त्याचा रस्ता, आणि मागचे सांभाळून घेतील. म्हणून अगदी कडेने चालवू नका, गल्लीच्या तोंडांपासून एक हात आत राहा. हॉर्नचा अर्थ बहुतेकदा 'मी इथे आहे' एवढाच असतो, त्यावर चिडून वळून बघू नका. डिपर दिला की 'मी येतोय, तू थांब' असा अर्थ घ्या. 'जा' असा मुळीच नाही.

शक्य असेल तर गाडी हनोईतून घेऊच नका. हनोई ते हा जियांग शहर साधारण 300 किलोमीटर आहे, ते अंतर बसने जा आणि गाडी किंवा चालक तिथे घ्या.

घाटात

हा जियांग लूप म्हणजे हा जियांग शहरातून निघून क्वान बा, येन मिन्ह, डोंग वान, मेव वाक करत परत येणारा सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा फेरा. 2025 च्या जुलैपासून हा जियांग प्रांत तुयेन क्वांग प्रांतात विलीन झाला, पण लोक अजून जुनंच नाव घेतात. डोंग वानचं चुनखडीचं पठार 2010 पासून युनेस्कोचं जिओपार्क आहे. यातला मुख्य रस्ता 1959 ते 1965 या काळात डोंगर हाताने फोडून बांधला गेला, त्याला तिथे 'सुखाचा रस्ता' म्हणतात. डोंग वान आणि मेव वाकच्या मधली मा पी लेंग खिंड जेमतेम वीस किलोमीटरची आहे, पण तिथे कपारीला माणसांनी दोरावर लटकून सुरुंगाची भोकं पाडली होती.

आपण वरंधा, ताम्हिणी, आंबोली चालवलेली माणसं. घाटाची भीती वाटत नाही आणि तिथेच चूक होते. आपल्या घाटात डावं वळण आवळ असतं, आपण आतल्या बाजूला असतो, आणि वेग जास्त झाला तर गाडी मध्यरेषेच्या पलीकडे उजवीकडे जाते. म्हणून डाव्या वळणाआधी वेग कमी करायची सवय हाताला आपोआप लागलेली असते. व्हिएतनाममध्ये हे सगळं उजव्या वळणाला घडतं. आवळ वळण उजवं, समोरचं दिसत नाही तेही उजव्याच वळणाला. हाताला मात्र उजवं वळण म्हणजे मोठं, ऐसपैस वळण असंच वाटत असतं. आपण जास्त वेगात शिरतो आणि डावीकडे फेकले जाऊन समोरच्या लेनमध्ये जातो. म्हणून प्रत्येक उजव्या वळणाआधी, वळणात नव्हे तर आधी, गियर उतरवा आणि हॉर्न द्या. डाव्या वळणाला दुसरा धोका असतो. समोरून येणारा ट्रक आतून वळताना तुमच्या लेनची अर्धी जागा खातो, तेव्हा आपल्या कडेला राहा.

वळणावर सांडलेली खडी, दरड कोसळून उरलेली माती, कडेला वाळत घातलेला मका, म्हशी, कुत्री, पाठीवर गवताचे भारे घेतलेल्या बायका, शाळेतून एकाच सायकलवर येणारी तीन मुलं, हे सगळं वळणाच्या पलीकडे असतं. खडीवर गाडी आली तर ब्रेक दाबू नका, हँडल सरळ ठेवा, रेस सोडा आणि गाडीला स्वतः हळू होऊ द्या. उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यायची असा नियम आहे. मोठी गाडी तो पाळेल यावर विसंबू नका.

जून ते सप्टेंबर पावसाळा असतो, दरडी याच दिवसांत कोसळतात. डिसेंबर ते फेब्रुवारी धुकं आणि कडाका, डोंग वानला पारा शून्याजवळ जातो आणि बधिर बोटांनी ब्रेक उशिरा दाबला जातो. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च-एप्रिल बरे. नोव्हेंबरात सव्वापाच-साडेपाचला सूर्य मावळतो, त्यामुळे चारच्या पुढे रस्त्यावर राहायचं नाही, असं ठरवूनच मुक्काम बांधा. सरासरी ताशी 25-30 किलोमीटरच पडते. चार दिवस काढा. तीन दिवसांत उरकणारे शेवटच्या दिवशी, थकलेले असताना, घरच्या वाटेवर पडतात.

मुक्कामाच्या घरी रात्री जेवणात मक्याची दारू येते, छोट्या पेल्यांतून. 'मोट, हाय, बा, यो' असं म्हणत सगळे एकदम पेला रिकामा करतात. यजमान मनापासून आग्रह करतात आणि नाही म्हणणं जड जातं. पण 2020 पासून व्हिएतनाममध्ये चालकाच्या श्वासात मद्याचा अंशही चालत नाही, मर्यादा शून्य आहे, आणि जास्त प्रमाण सापडलं तर दुचाकीला 80 लाख ते 1 कोटी डोंग दंड होतो. रात्री अकराला घेतलेले सहा पेले सकाळी आठलाही अंगात असू शकतात. सकाळच्या नाक्यावर मशीन तोंडाला लावलं की ते दिसतं. मी पहिल्याच पेल्याला छातीवर हात ठेवून, मान लववून, 'उद्या गाडी आहे' हे हातांनी हँडल पिळून दाखवायचो. त्यानंतर कुणी पेला पुढे केला नाही, उलट गरम चहा आणून दिला.

पडलात तर

आधी रस्त्यातून बाजूला व्हा. मागून येणारी गाडी हा दुसरा अपघात असतो. रुग्णवाहिकेसाठी 115, पोलिसांसाठी 113. डोंगरात रुग्णवाहिका यायला वेळ लागतो, गावातले लोक जवळच्या दवाखान्यात लवकर पोहोचवतात. 'बेन वियेन' म्हणजे दवाखाना, एवढा शब्द पाठ करून ठेवा.

बेशुद्ध माणसाचं हेल्मेट ओढून काढू नका, श्वास चालू असेल तर मान हलवायची नाही. खरचटलेली जखम बाटलीबंद पाण्याने भरपूर धुवा, खडीचे कण राहिले तर जखम पिकते. डोक्याला मार लागून उलटी, गुंगी किंवा बोलण्यात गोंधळ जाणवला तर गावातल्या दवाखान्यावर थांबू नका, तडक हनोईला हलवण्याची व्यवस्था करा. धनुर्वाताचं इंजेक्शन भारतातून निघण्याआधीच घेतलेलं असावं.

एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. तुमचा रक्तगट निगेटिव्ह असेल, तर व्हिएतनाममध्ये ते रक्त मिळणं अतिशय कठीण आहे. आपल्याकडे शंभरात पाच-सहा जण निगेटिव्ह असतात, तिथे शंभरात एकही नाही. निगेटिव्ह गटाच्या माणसाने घाटात स्वतः गाडी चालवू नये, असं माझं स्पष्ट सांगणं आहे. बाकीच्यांनी रक्तगट, औषधांची ॲलर्जी आणि घरच्यांचा फोन एका कागदावर इंग्रजीत लिहून, हेल्मेटच्या आत नाही तर खिशात, पासपोर्टच्या झेरॉक्सबरोबर ठेवावा.

दुसऱ्या कुणाला लागलं असेल तर तिथून पळू नका आणि आवाज चढवू नका. फोटो काढा, भाषांतराचं ॲप उघडा, पोलीस येईपर्यंत थांबा. कळत नसलेल्या कागदावर सही करू नका. विमा कंपनीच्या मदत क्रमांकावर त्याच दिवशी कळवा, पोलिसांच्या नोंदीची प्रत मागा. प्रकरण वाढलं तर हनोईतला भारतीय दूतावास किंवा हो ची मिन्ह सिटीतलं वाणिज्य दूतावास गाठा. दोन्हींचे आपत्कालीन क्रमांक निघण्याआधीच फोनमध्ये साठवून ठेवा, डोंगरात नेटवर्क जातं.

परत आल्यावर

हे कुणीच सांगत नाही. पंधरा दिवस उजव्या बाजूने चालवलं की घरी परतल्यावर पहिले चार-पाच दिवस तोच घोटाळा उलटा होतो. दोन वर्षांनी मी सांगलीला परत आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आईची औषधं आणायला निघालो. रस्ता रिकामा होता. गल्लीतून वळलो आणि सरळ उजव्या कडेने चालू लागलो. समोरून येणाऱ्या दूधवाल्याने कॅन आदळेपर्यंत ब्रेक दाबला आणि नंतर जे बोलला ते बरोबरच बोलला. घरी येऊन मी ॲक्टिव्हाच्या डाव्या आरशाच्या दांड्याला लाल चिकटपट्टी गुंडाळली. ती तिथे महिनाभर होती.